मैदानाचे पत्रक आणि चौथीतला वाचक : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावातले आहे. जून २०२४ मध्ये चौथीत आलेला मुलगा, सहावीत शिकणारी त्याची बहीण, आई, वडील आणि आजोबा असे हे पाच जणांचे घर. वडील ट्रॅक्टर चालवतात आणि गळीत हंगामात ऊसवाहतुकीमुळे बऱ्याच रात्री घराबाहेर असतात. आई दोन म्हशींचे करून शेतमजुरीला जाते. आजोबांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये कुस्त्या मारल्या; त्यांची शाळा मात्र दुसरीतच सुटली, आणि सही करता येते याच्या पुढे त्यांचे लिहिणे-वाचणे गेले नाही. मी या मुलाची वर्गशिक्षिका. घराची ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

आमच्या भागात कुस्ती घराघरांत मुरलेली आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तिथल्या तालमींची नावे इकडच्या मुलांना नदीच्या नावाइतकी ओळखीची असतात. चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की प्रत्येक गाव मैदान भरवते आणि त्याचे पत्रक छापते. वर ग्रामदैवताचे नाव, खाली ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ ही ओळ, मग क्रमांकानुसार नेमलेल्या कुस्त्या : डावीकडे एक पैलवान, त्याची तालीम व गाव, मध्ये ‘वि.’, उजवीकडे दुसरा पैलवान, आणि शेवटी इनामाची रक्कम. ही पत्रके एस.टी. थांब्यावर, सोसायटीच्या भिंतीवर आणि तालमीच्या दारावर चिकटवलेली असतात. गावातल्या ज्या घरांमध्ये एकही पुस्तक नाही, त्या घरांतही हे पत्रक पोहोचलेले असते, ही गोष्ट मी पंधरा वर्षे शिकवूनही नीट लक्षात घेतली नव्हती.

अडचण

चौथीच्या सुरुवातीला घेतलेल्या वाचन चाचणीत हा मुलगा शब्दाच्या पातळीवर होता. ‘घर’, ‘पाणी’, ‘मामा’ असे शब्द तो वाचत असे. चार साध्या वाक्यांचा उतारा मात्र त्याला वाचता येत नव्हता. अक्षर-अक्षर जुळवत तो वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत सुरुवात हरवलेली असे. जोडाक्षर आले की तो थांबे आणि माझ्या चेहऱ्याकडे पाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे, आणि हा मुलगा तिसरी ओलांडून आला होता. त्यातच त्या वर्षी चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचा संपूर्ण इतिहास होता. वाचता न येणाऱ्या मुलासाठी ते वर्ष भिंतीसारखे उभे राहते.

हाच मुलगा पहाटे पाचला तालमीत असे. संध्याकाळी पुन्हा दीड तास. कोणत्या मैदानात कोण कोणाशी लढला, कोणी पट काढला, कोणी ढाक लावली (हे कुस्तीतले डाव), कोणती कुस्ती बरोबरीत सुटली, हे तो एकही नाव न चुकता सांगे. जूनच्या अखेरीस एकदा मी त्याला तालमीच्या दारावरच्या जुन्या पत्रकासमोर उभे केले. त्याने बोट फिरवत पहिल्या पाच कुस्त्या घडाघडा ‘वाचल्या’. मला क्षणभर आनंद झाला. मग मी मधली एक ओळ तळव्याने झाकली आणि खालच्या ओळीतला एकच शब्द दाखवून विचारले, हे काय आहे? त्याला सांगता आले नाही. शब्द होता ‘क्रमांक’. संपूर्ण पत्रक त्याला पाठ होते. त्यातले एकही जोडाक्षर त्याला ओळखता येत नव्हते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वडील शाळेत आले आणि म्हणाले, “बाई, दिवाळीपर्यंत तालीम बंद. आधी वाचायला येऊ दे.” आईचे मत तेच होते. आबांचा विरोध होता, पण शिक्षणाच्या विषयात आपल्याला बोलण्याचा अधिकार नाही असे ते स्वतःच समजत होते, आणि त्यामुळे गप्प होते.

समोरचे पर्याय

तालीम बंद करणे हा पहिला पर्याय, आणि तो मला सुरुवातीला चुकीचा वाटला नव्हता. पहाटे पाचला उठणारे नऊ वर्षांचे मूल दुपारी वर्गात पेंगते, हे मी पाहत होते. तरीही ज्या एका ठिकाणी हा मुलगा हुशार ठरत होता तेच काढून घेतले, तर वाचन ही त्याला कायमची शिक्षा वाटेल, अशी भीती मला होती. शेजारच्या गावातली शिकवणी हा दुसरा पर्याय पैशाच्या आणि जाण्या-येण्याच्या अडचणीमुळे लवकरच मागे पडला. तिसरा पर्याय शाळेतच रोज अर्धा तास जादा घेण्याचा. तो आम्ही स्वीकारला, आणि पुढे जे काही घडले त्यात या अर्ध्या तासाचा वाटा आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

चौथा पर्याय घरातल्या कुस्तीलाच वाचनाचे साहित्य करण्याचा. यावर वडिलांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : “कुस्तीचं वाचून चौथीचं पुस्तक वाचता येणार आहे का?” १९८८ मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर केलेला एक अभ्यास मला माहीत होता. बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिल्यावर, वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली होती. परंतु ती मुले कच्ची असली तरी अक्षरे जुळवू शकत होती. आमच्या मुलाची अडचण त्याच्याही आधीच्या पायरीवर होती, म्हणून त्या अभ्यासाचा आधार घेऊन वडिलांना खात्री देणे मला योग्य वाटले नाही. मी एवढेच म्हणाले की जोडाक्षरांचा सराव शाळेत होईल. घरी मात्र त्याला वाचावेसे वाटेल असे काहीतरी हवे, आणि ते तुमच्या घरात आधीच आहे.

ठरले ते असे : संध्याकाळची तालीम बंद, पहाटेची चालू. रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटे आबांबरोबर बसायचे. दिवाळीला सर्वांनी मिळून पुन्हा विचार करायचा. हा निर्णय तडजोडीचा होता, पण वडिलांनी तो मनापासून मान्य केला नाही, याकडे मी दुर्लक्ष केले.

केलेली कृती

आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मैदानांच्या पत्रकांचा गठ्ठा होता. स्वतः वाचू न शकणाऱ्या माणसाने चाळीस-पन्नास पत्रके घडी घालून जपली होती, कारण काहींवर त्यांचे नाव होते. ते कोणत्या ओळीत आहे हे त्यांना अचूक माहीत होते. रोज एक पत्रक काढायचे, मुलाने एक जोड, म्हणजे एक नेमलेली कुस्ती, वाचायची आणि आबांनी ती कुस्ती कशी झाली ते सांगायचे, असा क्रम ठरला. आबांना वाचता येत नाही ही गोष्ट मला आरंभी उणीव वाटली होती. प्रत्यक्षात तीच सर्वात उपयोगाची ठरली, कारण या घरात पहिल्यांदाच मोठ्या माणसाला लहान मुलाच्या वाचनाची खरी गरज होती. मुलाने पैलवानाचे नाव नीट वाचले नाही, तर गोष्ट पुढे सरकत नसे. जुनी पत्रके पाठ नव्हती, त्यामुळे आठवणीवर वेळ मारून नेण्याची सोयही संपली.

जोडाक्षरांसाठी या पत्रकांइतके चांगले साहित्य मला आजवर मिळालेले नाही. ‘कुस्ती’ आणि ‘वस्ताद’ यांत एकच ‘स्त’, ‘मल्ल’ मध्ये ‘ल्ल’, ‘विरुद्ध’ मध्ये ‘द्ध’, ‘कोल्हापूर’ मध्ये ‘ल्ह’. मराठी मुलांना सर्वात जास्त छळणारा ‘र’ तर चारही रूपांत एकाच कागदावर सापडतो : ‘कुर्डूवाडी’ मध्ये डोक्यावरचा रफार, ‘क्रमांक’ मध्ये काट मारलेला, ‘महाराष्ट्र’ मध्ये पायाशी बसलेला आणि ‘कऱ्हाड’ मध्ये अक्षराला बिलगलेला. शाळेतल्या जादा अर्ध्या तासात मी हेच चार शब्द फळ्यावर घेतले आणि घरी त्याने नव्या पत्रकांत असा ‘र’ शोधून त्याखाली रेघ मारायची, असे सांगितले. पंधरा दिवसांत ‘पै.’ म्हणजे पैलवान, ‘रु.’ म्हणजे रुपये, ‘वि.’ म्हणजे विरुद्ध ही संक्षेपाची रीतही त्याला आपोआप कळली. ती शिकवायची असते हे माझ्या लक्षातसुद्धा आले नव्हते.

लेखनासाठी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजचे जोर, बैठका आणि खुराक यांची नोंद. ती यथातथाच चालली. दुसरी म्हणजे डावांची वही, आणि तिथे जे घडले ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. आबा डाव सांगणार, मुलगा तो पायरीपायरीने लिहिणार आणि बहीण केवळ लिहिलेले वाचून तो डाव अंथरलेल्या वाकळेवर आबांवर करून पाहणार, असा खेळ त्यांनी स्वतःच रचला. पहिला डाव धोबीपछाड. मुलाने लिहिले : ‘हात धरायचा. खांद्यावर घ्यायचा. पुढे टाकायचा.’ बहिणीने तसेच केले आणि काहीच होईना, कारण ती आबांकडे तोंड करूनच उभी होती. पाठ फिरवून त्यांच्या पोटाला लावायची, ही पायरी वहीत नव्हती. मुलाला ती इतकी अंगवळणी पडली होती की लिहावी लागते हे त्याला सुचलेच नाही. त्याने ते वाक्य मधे घातले, मग ‘कोणता हात’ असा प्रश्न आला, तोही लिहिला. तीन वाक्यांची सात वाक्ये झाली. आपण लिहिलेले वाचणारा माणूस आपल्या डोक्यात नसतो, हे मी वर्गात निबंध लिहवून घेताना कधीही इतके स्वच्छ दाखवू शकले नव्हते.

दोन वळणे

पहिले वळण ऑगस्टमधले. १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. दुसऱ्या दिवशी तालमीत आलेल्या वर्तमानपत्रात ७२ वर्षांपूर्वीच्या खाशाबा जाधवांची आठवण होती. गोळेश्वरचे खाशाबा, म्हणजे कऱ्हाडजवळचे, अगदी आमच्या मुलखातले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी पदक जिंकले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी त्यांच्यावर दहा वाक्यांचा उतारा हाताने लिहून दिला. मुलाने तो घरी आबांना वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी वर्गातही वाचला. त्यात ‘कांस्यपदक’ असे लिहिले होते. त्याने न अडखळता ‘सुवर्णपदक’ वाचले.

चौकशी केल्यावर कळले की खाशाबांनी सोने आणले, असे आबा अनेक वर्षे सांगत आले होते. ‘कांस्य’ हा शब्द मुलाने कधी ऐकलाच नव्हता. ‘पदक’ दिसल्यावर उरलेले त्याने ओळखीच्या गोष्टीवरून भरले. इथे मला माझ्या पद्धतीतली खरी अडचण दिसली. आवडीच्या विषयाचे ज्ञान वाचणाऱ्याला हात देते, पण तेच ज्ञान त्याला कागदाकडे न पाहताही पुढे जाऊ देते. म्हणून यापुढे मी जाणीवपूर्वक असा मजकूर निवडला जिथे अंदाज फसेल : नावाजलेला पैलवान हरला अशी बातमी, चितपट होईल असे वाटत असताना गुणांवर सुटलेली कुस्ती, अनोळखी वजनगट. आबांनी मात्र ‘कांस्य’ चा अर्थ समजून घेतल्यावर नातवाला तो उतारा पुन्हा दोनदा वाचायला लावला आणि आपली चूक मान्य केली. कागदावरचे आणि आबांचे सांगणे वेगळे असू शकते आणि तसे म्हणण्यात अनादर नाही, ही गोष्ट त्या घरात लहान नव्हती.

दुसरे वळण पूर्णपणे माझ्या चुकीचे. प्रगती दिसते आहे म्हणून सप्टेंबरमध्ये मी पत्रकांतल्या वीस शब्दांची कार्यपत्रिका तयार केली आणि रोज वाचून घेतल्याची पालकांची सही मागितली. बहिणीला प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारायला सांगितले. दहा-बारा दिवसांत रात्रीची बैठक थांबली. ट्रंक उघडलीच जात नव्हती. मी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाई, ते आता शाळेचं झालंय.” आबा सही करण्यापुरते उरले होते. मी कार्यपत्रिका मागे घेतली, सहीची अट काढली आणि बहिणीला सांगितले की तो अडला आणि त्याने विचारले तरच सांग. बैठक पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि तेही मी काही केले म्हणून नव्हे. दसऱ्याच्या सुमारास शेजारगावच्या मैदानाचे नवे पत्रक आले आणि त्यात कोण लढणार हे आबांना जाणून घ्यायचे होते, एवढेच त्याचे कारण होते.

परिणाम

दिवाळीला ठरल्याप्रमाणे आम्ही बसलो. मुलगा चार वाक्यांचा उतारा वाचू लागला होता. वडिलांनी संध्याकाळची तालीम आठवड्यातून तीन दिवस सुरू करायला परवानगी दिली. मार्च २०२५ पर्यंत तो दुसरीच्या पातळीची गोष्ट थांबत-थांबत, पण अर्थ लावत वाचत होता. शिवछत्रपतींच्या पुस्तकातली अफजलखानाच्या भेटीसारखी प्रकरणे तो स्वतःहून वाचे. राज्यकारभारावरच्या पाठांत मात्र लगेच थकत असे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत. ‘पैलवान’ अचूक लिहिणारा हा मुलगा ‘पाणीपुरवठा’ लिहिताना अजून अडखळतो. म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे : जोडाक्षरे आणि वाक्य धरून ठेवण्याची सवय चौथीच्या पुस्तकापर्यंत गेली, शब्दसंपत्ती आपोआप गेली नाही. ती वेगळी शिकवावी लागली.

यातले किती श्रेय घरच्या बैठकीला आणि किती शाळेतल्या अर्ध्या तासाला, हे मला वेगळे करता येत नाही. एवढे निश्चित सांगता येते की जुलैमध्ये जोडाक्षर आले की माझ्या चेहऱ्याकडे पाहणारा मुलगा मार्चमध्ये कागदाकडेच पाहत राहतो.

वेगळे काय करता आले असते

वडिलांना मी सोबत घ्यायला हवे होते. गळीत हंगामात ते रात्री नसत हे मला माहीत होते. तरी ट्रॅक्टरच्या खेपांची वही मुलाने वाचावी, एवढी साधी गोष्टही मी सुचवली नाही. त्यामुळे वाचन हे आबा-नातवाचे काम ठरले आणि वडील परीक्षकाच्या जागी राहिले. पेंगण्याचा प्रश्नही मी अर्धवट सोडला. तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांशी बोलून पहाटेची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेण्याचे डिसेंबरमध्ये जमले, ते जुलैतही जमले असते.

सर्वात मोठी चूक बहिणीच्या बाबतीत झाली. ती उत्तम वाचते म्हणून मी तिला मदतनीस केले आणि तिला स्वतःला काय हवे ते वर्षभर विचारले नाही. वाकळेवर तिने डाव करून पाहिले, ते भावाच्या वहीची तपासणी म्हणून. फेब्रुवारीत तिनेच मला विचारले की या सगळ्या पत्रकांत मुलींची कुस्ती का नाही. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्याच सांगलीत झाली आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, हे मी तिला सांगितले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळवले हे तिला आधीच माहीत होते. ‘कांस्य’ म्हणजे काय ते भावाला तिनेच समजावले होते. गावच्या तालमीत मुलींना प्रवेश नाही. आई म्हणते, वेगळी वेळ मिळाली तर पाठवू. वस्तादांनी नाही म्हटलेले नाही, पण होही म्हटलेले नाही.

चैत्रात गावच्या जत्रेचे पत्रक छापून आले, तेव्हा त्यात मुलींची एक कुस्ती नेमलेली होती, अकराव्या क्रमांकाला. ते पत्रक आता डावांच्या वहीत आहे. वही दोघांची झाली आहे आणि डाव्या पानावर तिचे अक्षर असते.